बारशाला खोकत आलेल्या मावशींना मास्क दिला. माझं चुकलं का?

ओवीची_आई | शनिवार, रात्री २:४०

वेळेवरून ओळखलं असेलच. लेक खांद्यावर आहे, ढेकर निघायची आहे आणि मी एका हाताने टंकतेय. शुद्धलेखनाबद्दल आधीच माफी.

गेल्या रविवारी लेकीचं बारसं झालं. बाराव्या दिवशीच, घरच्या घरी, वीस-बावीस माणसं. नवऱ्याची मावशी सोलापूरहून रात्रीच्या गाडीने आली. दारातच खोकला. साधा नाही, पार खालून येणारा, डोळ्यांत पाणी आणणारा. "गाडीत एसी लागला गं" म्हणाल्या, हातपाय धुतले आणि थेट पाळण्यापाशी. गालाला गाल लावणार तेवढ्यात मी म्हटलं, "मावशी, जरा मास्क लावता का? आज लांबूनच बघा, बरं वाटलं की मनसोक्त घ्या तिला." कपाटात २०२१ सालचं मास्कचं खोकं अजून पडलंय, त्यातला एक नवऱ्याने आणून दिला.

'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' चालू होतं ते मध्येच थांबलं. मावशींनी मास्क हातात घेतला, उलटसुलट बघितला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि गॅलरीत जाऊन बसल्या. जेवल्या, पण घुगऱ्यांची पुडी टेबलावर तशीच ठेवून गेल्या. आता सोलापुरात सगळीकडे झालंय की "सुनेनं मला रोग्यासारखं बसवलं." सासूबाई माझ्याशी कामापुरतं बोलतात.

गंमत म्हणजे २०२० मध्ये ह्याच मावशी रोज फोन करून विचारायच्या, "दुधाच्या पिशव्या साबणाने धुता ना?" मग पाच वर्षांत असं काय झालं, की खोकणाऱ्या माणसाला मास्क देणं हा अपमान झाला? माझं चुकलं का, ते सांगा. खरं सांगा, बाळंतीण आहे म्हणून गोड बोलू नका.

तिखटमीठ | रात्री २:५५

नाही चुकलं. (मीही जागीच. माझा चार महिन्यांचा.)

गणोबा | सकाळी ७:१०

चूक क्रमाची झाली. आधी घुगऱ्या हातात द्यायच्या, मग मास्क. हलके घ्या.

आप्पा_नाशिककर | सकाळी ८:०२

अभिनंदन आणि बाळाला आशीर्वाद. पण स्पष्ट बोलतो. आम्ही सात भावंडं. वाड्यात नऊ बिऱ्हाडं, नळ एक, संडास दोन. कुणाचं तरी नाक कायम वाहत असायचं. आम्हाला कुणी मास्क लावून बघितलं नाही आणि आम्ही सगळे धडधाकट आहोत. कोरोनाने माणसांना माणसांची भीती घातली एवढंच झालं. मावशी बाई कौतुकाने सोलापूरहून आली, तिच्या हातात फडकं ठेवायचं?

झुळूक | सकाळी ८:१५

आप्पा, जे धडधाकट राहिले नाहीत ते इथे प्रतिसाद द्यायला येत नसतात.

कोथरूडचा_रावण | सकाळी ८:४०

मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

नाडीपरीक्षक | सकाळी ११:३०

तालुक्याच्या गावी बावीस वर्षं दवाखाना चालवतोय, तेव्हा दोन गोष्टी बोलतो.

बारा दिवसांच्या बाळाला बीसीजी, पोलिओचे जन्मवेळचे थेंब आणि ब-काविळीची लस एवढंच मिळालेलं असतं. डांग्या खोकल्याची लस पेंटाव्हॅलंटमधून (पाच आजारांवरची एकत्र लस) मिळते, तिचा पहिला डोस दीड महिना झाल्यावर. आणि मोठ्या माणसाचा डांग्या खोकला डांग्या वाटतच नाही. दीड-दोन महिने नुसती ढास. तो माणूस म्हणतो धूळ आहे, एसी आहे, थंड प्यायलो. तेच तान्ह्या बाळाला झालं तर पुष्कळदा खोकलाही येत नाही, श्वासच अडकतो आणि बाळ निळं पडतं. साधी सर्दी वाटणारा आरएसव्हीसुद्धा तान्ह्यांच्या छातीत उतरतो. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप आला तर रात्रीच्या दोन वाजताही वाट बघायची नसते.

म्हणजे वैद्यकीय उत्तर सोपं आहे: अजिबात चुकलं नाही. उलट नुसता मास्कही पुरेसा नव्हता. गॅलरी उत्तम.

पण मूळ प्रश्न वेगळा आहे ना, अपमान का वाटला हा? माझ्या दवाखान्यात एप्रिल २०२२ मध्ये गुढीपाडव्याला सरकारने निर्बंध उठवले आणि त्याच आठवड्यात बाकावरच्या फुल्या पुसल्या गेल्या. मी पुसल्या नाहीत, लोक त्यांच्यावर बसून बसून गेल्या. आता ताप-खोकल्याचा पेशंट आला की मी म्हणतो, तपासणी करू. तो म्हणतो, "नको डॉक्टर, गोळ्या द्या. निघालं तर?" पैशाचं नाही म्हणत मी. तीनशे रुपये द्यायला तयार असलेला माणूसही 'निघालं तर' म्हणतो. लोकांच्या मनात रोगापेक्षा रोगाचं नाव जड झालंय.

ओवीची_आई | दुपारी १२:०५

धन्यवाद डॉक्टर. हा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "डॉक्टर काय, काहीही म्हणतील." पण चहा दिला.

बाकडं_क्रमांक_३ | दुपारी १२:५०

'निघालं तर' वर.

जुलै २०२०, डोंबिवली. आईचा रिपोर्ट आला. बाबा आधीच दम्याचे. तासाभरात जिन्याला पट्टी बांधली, खाली पत्रे ठोकले. रुग्णवाहिका आली तेव्हा समोरच्या इमारतीच्या एकूण एक खिडकीत डोकं होतं. आई एकटी चालत गेली, हातात दोन नायट्यांची पिशवी. कुणीतरी व्हिडिओ काढला आणि संध्याकाळी तो आमच्याच सोसायटीच्या ग्रुपवर आला. ज्या बाईंबरोबर आईने वीस वर्षं हळदीकुंकू केलं, त्यांनी लिहिलं होतं, 'ह्यांनी आधी सांगायला हवं होतं.' वॉचमन पिशवी काठीला अडकवून वर सरकवायचा. त्याला दोष नाही, त्याला तसंच सांगितलं होतं.

आई बरी होऊन आली. पण आजही लिफ्टमध्ये तिला शिंक आली की रुमाल काढायच्या आधी ती इकडेतिकडे बघते.

मावशींची बाजू घेत नाहीये. एवढंच, की 'रोग्यासारखं बसवलं' हे शब्द त्या नुसते रागाने बोलल्या नसतील.

तिखटमीठ | दुपारी १:०५

:( नमस्कार सांगा आईंना.

शास्त्री_बुवा_७१ | दुपारी २:२०

म्हणूनच म्हणतो, आपल्या पूर्वजांना हे सगळं माहीत होतं. बाहेरून आलं की हातपाय धुणे, दुरून नमस्कार, सोयर-सुतक, बाळंतिणीची वेगळी खोली. क्वारंटाइन क्वारंटाइन म्हणून नाचता, ते आमच्या आजीच्या सोवळ्यात होतंच. आपण ते सोडलं आणि आता विकतचा मास्क लावतो.

सुईणीची_नात | दुपारी २:४५

बुवा, हातपाय धुणे मान्य. सुतकाचं मात्र जरा समजावून सांगा. माणूस अपघातात गेला तरी घरच्यांना दहा दिवस सुतक, साप चावून गेला तरी दहा दिवस. मुंबईत काका वारला, पुतण्या लातूरला, त्याने सहा महिन्यांत काकाचं तोंड पाहिलेलं नाही, तरी सुतक. ह्यात जंतू कुठून कुठे गेला? आणि विटाळ ज्यांचा पाळला, ते आजारी होते म्हणून पाळला का? रोग्याला लांब ठेवणं वेगळं आणि जातीला लांब ठेवणं वेगळं. आमच्या लोकांना २०२० मध्ये 'अंतर राखा' ऐकून नवीन काही वाटलं नाही.

बाळंतिणीच्या खोलीचं म्हणाल तर माझी आजी सुईण होती. खोलीत चार माणसं शिरू न देणं हे तिचंही चांगलं होतं. पण त्याच खोलीची खिडकी कापडाने बुजवून आत शेगडी आणि ओव्याची धुरी. बाळ धुराने खोकायचं आणि म्हणायचे, दृष्ट लागली. आजी स्वतःच सांगायची हे, हसत नाही सांगायची.

शास्त्री_बुवा_७१ | दुपारी ३:००

प्रत्येक गोष्टीत जात आणायलाच हवी का?

सुईणीची_नात | दुपारी ३:०२

आणली नाही बुवा, आधीपासून बसलेलीच होती. मी फक्त दाखवली.

कोथरूडचा_रावण | दुपारी ३:०५

पॉपकॉर्न संपले. कुणी आणतंय का?

धागा_राखणदार | दुपारी ३:३०

सोवळ्यावर वेगळा धागा काढावा. इथे बाळ, मावशी आणि खोकला. दोन प्रतिसाद उडवले आहेत. का, ते लिहिणाऱ्यांना ठाऊक आहे.

पाटीवर_खडू | संध्याकाळी ५:१५

प्राथमिक शाळेत शिकवते. चौथीच्या वर्गात ४८ मुलं, दोन पंखे, एका बाजूची खिडकी रस्त्याच्या आवाजामुळे बंद.

करोनानंतर काय बदललं ते सांगू? आता आईवडिलांना सगळं कळतं आणि तरी पाठवतात. सकाळी साडेसहाला पॅरासिटामॉलचं औषध पाजलं की मूल सातला ताजंतवानं. साडेदहापर्यंत छान. अकराच्या सुमाराला डोकं बाकावर, गाल लाल. मी फोन लावते तर "अहो, सकाळी एकदम ठीक होता." औषधाची खूण मुलाच्या ओठांवर गुलाबी दिसत असते आणि आई शपथ घेते. तोपर्यंत शेजारच्या दोघांना प्रसाद मिळालेला असतो.

पण मी त्या आईला बोलत नाही. ती कारखान्यात पॅकिंगला जाते. मूल घरी ठेवायचं तर तिचा खाडा. आणि आमचंही बघा, वर्षाअखेरीला शंभर टक्के हजेरीचं प्रमाणपत्र आम्हीच देतो, टाळ्या वाजवून. गोवर अंगावर घेऊन परीक्षेला बसलेल्या मुलाचं कौतुक ह्याच शाळेत झालेलं मी ऐकलंय. मी दोन वर्षांपूर्वी म्हटलं, हे प्रमाणपत्र बंद करू. वरून उत्तर आलं, पालकांना आवडतं.

चार_घरचं_पोर | संध्याकाळी ६:००

खाड्यावरनं आठवलं. माझी आई भांडी-पोळ्या करते, करोनाच्या आधी चार घरी. मी इथं वाचतो जास्त, लिहीत नाही.

करोनात दोन घरांनी पाच महिने पगार दिला, काम न करता. ते आम्ही विसरलो नाही. एकांनी 'सध्या नको' म्हणून सांगितलं ते परत बोलावलंच नाही. आता तिन्ही घरी एकच बोलतात, मावशी, सर्दी-खोकला असला की येऊ नका हां, बाळ आहे घरात, आजी आहेत. बरोबर आहे त्यांचं. पण महिन्याला दोन खाडे माफ, तिसऱ्यापासून कापतात. म्हणून आई काय करते, दारात खोकून घेते, मग बेल वाजवते.

तुमच्यापैकी कुणाला बोलत नाही. सांगितलं फक्त.

झुळूक | संध्याकाळी ६:२०

हा प्रतिसाद वाचला आणि उठून पोळ्यावाल्या काकूंना मेसेज केला. आजारपणाच्या सुट्ट्या वेगळ्या धरायच्या हे आजपर्यंत डोक्यातच आलं नव्हतं. मी स्वतः वर्षाला बारा घेते.

ताकोयाकी_ताई | संध्याकाळी ७:४५

ओसाकाहून. इथे शाळेत मुलाला फ्लू झाला तर लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवस आणि ताप उतरल्यावर आणखी दोन दिवस शाळेत पाठवायचंच नाही, असा नियमच आहे आणि ती गैरहजेरी धरत नाहीत. खडूताई, तुमच्या प्रमाणपत्राला हे उत्तर. सर्दी झाली की मास्क लावायचा ही इथे करोनाच्या आधीपासूनची रीत. आपल्याला झालंय म्हणून दुसऱ्यासाठी लावायचा. मार्च २०२३ मध्ये सरकारने 'आता तुमचं तुम्ही ठरवा' म्हणून सांगितलं तरी आमच्या गाडीतले निम्मेअधिक लोक लावूनच होते.

फार गोडवे गाणार नाही. इथे नुसता घसा खाकरला तरी डब्यातले चार चेहरे वळतात. माझ्या सासूबाई आल्या होत्या, मसाल्याचा ठसका लागला तर बिचाऱ्या बाथरूममध्ये जाऊन खोकल्या. म्हणाल्या, "इथे माणूस मरतानासुद्धा सॉरी म्हणून मरत असेल."

गणोबा | रात्री ८:००

सासूबाईंना दंडवत _/\_

पोथी_चाळणारा | रात्री ९:३०

बाकडं आणि डॉक्टरांच्या 'निघालं तर' वरून. ही भीती जुनी आहे, पुण्याने तर ती बघितलीय. १८९७ चा प्लेग. इंग्रज अधिकारी रँडची पथकं घरात शिरायची, माजघर नाही, देवघर नाही, रोगी शोधायची. सापडला तर त्याला हॉस्पिटलात, घरच्यांना सेग्रिगेशनच्या (विलगीकरणाच्या) छावणीत, सामान रस्त्यावर. परिणाम काय? लोकांनी रोगी लपवले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत चापेकरांनी रँडला गोळी घातली, ते आपण शाळेत शिकतो. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत झालेला साथरोग कायदा मार्च २०२० मध्ये आपल्याकडे लागू केला, हे किती जणांना ठाऊक आहे? सव्वाशे वर्षांचा कायदा. रोगी म्हणजे पकडून आणायचा माणूस, ही त्याची नजर.

आणि त्याच साथीत सावित्रीबाई फुले. मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन हडपसरच्या माळावर मुलगा यशवंतच्या दवाखान्यात आणलं, त्यात त्यांना लागण झाली, १० मार्चला गेल्या. त्याच जानेवारीत तिकडे मुंबईत शास्त्रज्ञ हाफकिनने प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. एकाच साथीत तीन तऱ्हा: पकडणारे, पाठीवर घेणारे, स्वतःला टोचून घेणारे. आपल्या आठवणीत मात्र गोळी राहिली.

सातपुड्याकडचा | रात्री १०:१०

मी नंदुरबारचा. सप्टेंबर १९९४, सुरतचा प्लेग. तेव्हा मी नववीत. सुरतहून सुटणाऱ्या गाड्या खच्चून भरून यायच्या, टपावर माणसं. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं सुरतला मागांवर कामाला, तीच परत येत होती. त्यांच्या आया स्टेशनवर रडत उभ्या आणि गावातले म्हणत होते, गावाबाहेर ठेवा. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या मेडिकलमध्ये मिळेनात. सगळ्यांनी तोंडाला रुमाल बांधले. दिवाळीपर्यंत रुमाल खिशात आणि पोरं पुन्हा सुरतेत.

पण एक सांगतो. लोक विसरले तरी शहर विसरलं नाही. पुढच्या वर्षी एस. आर. राव तिथे आयुक्त म्हणून आले आणि त्यांनी सुरत झाडून काढली. मोठमोठ्यांची अतिक्रमणं पाडली. मी नंतर तिथे नोकरी केली, रात्री रस्ते धुतलेले बघितलेत. माणसाच्या स्वभावावर सोडलं तर आपण दोन महिन्यांत पूर्वपदावर येतो. नळ, गटार, खिडकी बदलली तर ती बदललेलीच राहते.

धायरीकर | रात्री १०:३०

नळावरून आमची कथा. जानेवारी २०२५, पुण्यात सिंहगड रस्त्यावर जीबीएसची (हातपाय लुळे पाडणारा मज्जातंतूंचा आजार) साथ. बातमी आली त्या संध्याकाळी आमच्या सोसायटीत काय झालं? सगळे मास्क लावून खाली मीटिंगला. मीटिंग संपली आणि तेच मास्क हनुवटीवर ओढून, खाली टाकीच्या नळाचं पाणी पिऊन वर गेले. आजार पोटातून सुरू होत होता, संशय पाण्यावर, पथकं विहिरींचे नमुने घेत फिरत होती. कोरोनाने आम्हाला एकच शस्त्र दिलं, ते आम्ही प्रत्येक शत्रूवर चालवतो. डेंग्यूलाही एकाने सॅनिटायझर फवारलं होतं.

कोथरूडचा_रावण | रात्री १०:३५

डास मेला का पण? नशेत तरी?

नाडीपरीक्षक | रात्री ११:१०

धायरीकर =)) पण मुद्दा नेमका. रोग कसा पसरतो ते कळलं तर खबरदारी आपोआप सुचते. जुलाब-उलटीच्या नोरोव्हायरसला सॅनिटायझर फारसं जुमानत नाही, साबण आणि वाहतं पाणीच हवं. खोकल्यातून येणाऱ्याला खिडकी उघडी हवी. डासाला झाकलेली टाकी हवी. २०२० मध्ये आपण भाज्या धुतल्या, कुरिअरचे खोके उन्हात ठेवले आणि एसी लावून बंद हॉलमध्ये पन्नास माणसांचं लग्न केलं. पन्नासची परवानगी होती ना!

नारिंगी_गुपित | रात्री ११:५५

वेगळ्या नावाने लिहितेय, समजून घ्या.

मला २०२१ मध्ये टीबी झाला, फुप्फुसाचा. तीन आठवडे खोकला होता, दोनदा कोविडची टेस्ट केली, निगेटिव्ह आली म्हणून सगळे आनंदात. शेवटी एका वयस्कर डॉक्टरांनी थुंकी तपासायला सांगितली. सहा महिने गोळ्या. रोज सकाळी उपाशीपोटी, आणि मग लघवी नारिंगी. ऑफिसात स्वच्छतागृहात सुद्धा दोनदा पाणी टाकायचे, कुणी बघेल म्हणून. टीबीच्या रुग्णांसाठीच्या सरकारी योजनेचे तेव्हा महिन्याला पाचशे रुपये खात्यावर यायचे, तो एसेमेससुद्धा लगेच पुसायचे. नवऱ्याला आणि आईला सोडून आजतागायत कुणाला माहीत नाही. सासरी 'टायफॉइड उलटला' असं सांगितलं.

मला त्या सहा महिन्यांत वाचवलं ते मास्कने. तेव्हा सगळेच लावत होते, त्यामुळे मी का लावलाय हे कुणी विचारलं नाही. त्याच्या आधी कधी झाला असता तर मी लावूच शकले नसते, लगेच कळलं असतं. आणि आता पुन्हा तीच वेळ आलीय. आज बसमध्ये एकटं कुणी मास्क लावून बसलं तर शेजारचा सरकून बसतो. म्हणजे जो दुसऱ्याची काळजी घेतोय, त्याच्यापासूनच लांब पळायचं. न लावता खोकणाऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसतात.

ओवीच्या आई, तुम्ही मावशींना मास्क दिलात ते बाळासाठी योग्यच. फक्त सगळ्या बायकांसमोर दिलात. बाकी काही नाही.

ओवीची_आई | रात्री १२:३०

नारिंगी, तुमचा प्रतिसाद तीन वेळा वाचला. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तब्येत आता बरी ना?

नारिंगी_गुपित | रात्री १२:३४

ठणठणीत. हे नाव उद्यापासून बंद.

आप्पा_नाशिककर | रविवार, सकाळी ६:४०

झुळूक यांच्या एका ओळीने रात्री झोप लागली नाही. म्हटलं लिहावं.

मी सात भावंडं म्हणालो. आई विचारलं की नऊ सांगायची. माझ्या आधीची एक बहीण आणि माझ्या पाठचा भाऊ. भाऊ मला अंधुक आठवतो. खोकून खोकून काळानिळा पडायचा, आजी त्याला उलटं धरून पाठीवर थापट्या मारायची. चारेक महिन्यांचा असेल. आम्ही त्याला मोजत नाही, कारण नावच ठेवलं नव्हतं. जगेल की नाही म्हणून बारसं लांबवलं होतं. डॉक्टर 'निळं पडतं' म्हणाले तिथे मी थांबलो.

मावशीबाईंचा मान राखायला हवा होता हे माझं मत कायम आहे. बाकीचं मागे घेतो.

झुळूक | सकाळी ८:३०

आप्पा, मी फार फटकळपणे लिहिलं. क्षमस्व.

आप्पा_नाशिककर | सकाळी ८:४१

नाही हो. बरोबरच लिहिलंत.

फणसाचा_गरा | सकाळी ९:५०

आमच्या मालवणात मावशी रुसली तर एकच उपाय, मासळी घेऊन जायचं. सोलापुरात काय चालतं?

गणोबा | सकाळी ९:५५

शेंगाचटणी. पण ती त्यांच्याकडूनच आपल्याकडे यायला हवी.

वऱ्हाडी_ठेचा | सकाळी ११:२०

आमच्याकडे मागच्या लग्नात भावाने पत्रिकेच्या मेसेजमध्येच टाकलं होतं, 'ज्याले ताप-खोकला असन त्यानं घरूनच आशीर्वाद द्यावा, जेवणाचा डबा घरपोच मिळेल.' दोनशेत अकरा जणांनी डबे मागवले बावा! त्यातले चार तर पूर्ण ठणठणीत होते, फक्त नाचाले कंटाळले होते. पण कोणाले वाईट नाही वाटलं, कारण सगळ्यांसाठी एकच सूचना होती, आणि गुलाबजाम भेटला.

पाटीवर_खडू | सकाळी ११:४०

ही खरी युक्ती. सूचना आधी, सगळ्यांना, आणि सोबत गुलाबजाम.

ओवीची_आई | बुधवार, पहाटे ४:०५

अपडेट द्यायला उशीर झाला, लेकीला पोटात गॅस. (डॉक्टर, ताप नाही, लगेच बघू नका असं.)

काल नवऱ्याने मावशींना फोन केला. मी शेजारीच होते. आधी तब्येत विचारली. खोकला अजून आहे, आता त्यांच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला सांगितलाय. मग मीच फोन घेतला आणि म्हटलं, "मावशी, मास्क मी दारातच हळूच द्यायला हवा होता, सगळ्यांसमोर दिला ते चुकलं." बराच वेळ गप्प होत्या. मग जे बोलल्या ते मला माहीत नव्हतं, नवऱ्यालाही नव्हतं.

२०२० च्या ऑगस्टमध्ये त्यांना करोना झाला होता. घरीच होत्या, मागच्या खोलीत सतरा दिवस. बऱ्या झाल्या, बाहेर आल्या, जेवायला बसल्या तर त्यांचं ताट नव्हतं. लग्नातलं स्टीलचं ताट-वाटी, नाव कोरलेलं. जाऊबाईंनी भंगारवाल्याला देऊन टाकलं होतं. "उकळून घेतलं असतं तरी चाललं असतं की गं," एवढंच म्हणाल्या. त्याच महिन्यांत आम्हाला फोन करून दुधाच्या पिशव्या धुवा म्हणून सांगत होत्या आणि स्वतःचं एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

बाकडं, तुम्ही बरोबर होतात. मी तरीही त्या दिवशी लेक त्यांच्या हातात दिली नसती, हेही त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "नकोच देऊस. फोटो येऊ दे आधी." सासूबाईंनी आज डोक्याला तेल लावून दिलं, म्हणजे तिकडून इकडे फोन झालेला दिसतोय.

आता प्रश्न असा आहे की राहिलेल्या घुगऱ्या मी पार्सलने सोलापूरला पाठवू म्हणतेय. नव्या करून, अर्थात.

तिखटमीठ | पहाटे ४:१२

पाठव पाठव. (हो, जागीच.)

सुईणीची_नात | सकाळी ७:३०

ताटही पाठवा. नाव कोरून.

गणोबा | सकाळी ८:००

ताट पाठवा, घुगऱ्या नको. सोलापूरला पोचेपर्यंत आंबतील, आणि मग मावशींचं पोट बिघडलं तर नवा धागा काढावा लागेल.